इयरफोनमधले भीमगीत

गेल्या महिन्यात एक विद्यार्थी माझ्याकडे आला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा, हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आई शेतमजूर, वडील नाहीत. काम साधे होते. घरमालकाकडून भाडेकरार कसा करून घ्यायचा, एवढेच त्याला विचारायचे होते. "जयभीम, सर" म्हणून बसला. त्याच्या गळ्यात इयरफोनची वायर लोंबत होती. वायर काळी, एका ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. कोर्टाच्या व्हरांड्यात पोरे अशाच वायरी घालून फिरतात, म्हणून मी लक्ष दिले नाही.

करार कशाला हवा, असे विचारले तर म्हणाला, "स्वाधारसाठी."

वाचकांपैकी ज्यांच्या घरात शिकणारे पोर आहे त्यांना हे प्रकरण माहीत आहे. शासकीय वसतिगृहात अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला 60 हजार, त्याखालच्या शहरांत 51 हजार, इतर ठिकाणी 43 हजार, अशा रकमा योजना आली तेव्हा ठरल्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, 51 हजारांचा हिशेब असा होता : जेवणाला 28 हजार, राहण्याला 15 हजार, निर्वाहाला 8 हजार. हा मुलगा आणि त्याचा मित्र मिळून महिना 4 हजारांची खोली घेऊन राहतात. म्हणजे दहा महिन्यांचे याच्या वाट्याचे भाडेच 20 हजार झाले. वरचे 5 हजार कुठून आणायचे? त्यासाठी तो संध्याकाळी 6 ते 9 एका झेरॉक्सच्या दुकानात उभा राहतो.

हे झाले पैशाचे. खरी अडचण वेगळीच निघाली. घरमालकाला याची जात माहीत नव्हती. आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून काही कळत नाही. खोली देताना मालकाने रीतीप्रमाणे गाव विचारले, मामा कुठले ते विचारले, नॉनव्हेज खाता का ते विचारले. पोराने तीनही उत्तरे गुळमुळीत दिली आणि खोली मिळाली. आता मालकाकडे जाऊन 'काका, समाजकल्याणच्या योजनेसाठी करार पाहिजे' असे म्हटले की संपले. योजनेच्या नावातच सारे आले. करार मागावा तर खोली जाते, न मागावा तर 51 हजार जातात.

मला राग आला तो पोराचाच. म्हटले, "अरे, या शहरात आपल्या एवढ्या वस्त्या आहेत. नागसेनवनाच्या आसपास खोली का घेतली नाहीस?" तो म्हणाला, कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. रोजचे रिक्षाचे भाडे आणि दोन तास परवडत नाहीत. शिवाय आपल्या वस्तीत पाहिली ती खोली एक, आणि राहणारे आधीच चार. मी गप्प बसलो. बाबासाहेबांनी 1950 मध्ये या शहरात महाविद्यालय काढले ते मराठवाड्यातल्या खेड्यातले पोर इथे येऊन शिकावे म्हणून. पोर आले, पण त्याने रात्री झोपायचे कुठे, हे चळवळ म्हणून आपण सोडवलेले नाही.

मग मी त्या वायरीबद्दल विचारले. त्याचा दिवस असा : पहाटे साडेपाचला उठणे, नळाचे पाणी जाण्याच्या आत भरणे, 8 ला तास, दुपारी मेसचा डबा (एकच डबा, अर्धा दुपारी, अर्धा रात्री), 2 ते 5 प्रॅक्टिकल, मग दुकान. रात्री 12 पर्यंत अभ्यास. अभ्यासाला बसण्याआधी पाऊण तास गाणी. ती मात्र इयरफोनवरच ऐकायची. "रूमवर भीमगीत मोठ्यानं कसं लावू, सर? भिंतीला भिंत आहे." मित्राला सगळे माहीत आहे, त्याची काही हरकत नाही. हरकत भिंतीपलीकडची.

त्याच्या मोबाइलमध्ये काय आहे ते मी पाहिले. वामनदादांची गाणी वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. आमच्याच शहरातल्या कडुबाई खरात, दारोदार एकतारीवर गाणारी ही बाई लोकांच्या मोबाइलवरून महाराष्ट्रभर पोहोचली. त्यानंतर 'सैराट'ची गाणी होती आणि किशोरकुमारही होता. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातल्या काही ज्येष्ठांना वाटते की आंबेडकरी विद्यार्थ्याने चोवीस तास क्रांतीच करावी. वीस वर्षांच्या पोराला प्रेमाची गाणी आवडणारच. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते.

वामनदादांचे त्याला फार. त्याची आई खुरपायला जाताना ती गाणी म्हणते, म्हणून त्याला ती पाठ. आईला वाचता येत नाही. मी त्याला सांगितले की वामनदादांनाही तरुणपणी मुंबईत येईपर्यंत अक्षरओळख नव्हती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला 1922 मध्ये जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. पुढे त्याची गाणी गावोगावी पोहोचली. ज्या बायांना पुस्तक उघडता येत नव्हते त्यांना बाबासाहेब या गाण्यांनी कळले. भीमराव कर्डकांच्या जलशाला बाबासाहेबांनी आपल्या सभांच्या तोलाचे मानले होते, असे आपण भाषणात सांगतो. जलसा चावडीसमोर, उघड्यावर, चार गावांना ऐकू जाईल असा होई. कारण तो ज्याने ऐकू नये असे वाटे त्यालाच ऐकवायचा होता. त्याच परंपरेतले गाणे आज आपले शिकलेले पोर वायरीतून ऐकते.

ही भीती उगाच आहे असे कुणी म्हणू नये. मे 2015 मध्ये शिर्डीत नर्सिंगचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण मारला गेला. तो लग्नासाठी आला होता. पोलिसांत नोंदलेली हकीकत अशी की, मित्रांसोबत बसला असताना त्याचा मोबाइल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. शेजारच्या टोळक्याने ती बंद करायला सांगितली, वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन ठार मारले. तोही विद्यार्थीच होता. माझ्याकडे आलेल्या पोराला ही घटना माहीत होती. तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या आईने त्या दिवसांत थोरल्या भावाच्या फोनची रिंगटोन बदलायला लावली होती.

त्यानंतर 26 जानेवारी 2016 पासून अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील दुरुस्त्या लागू झाल्या. अनुसूचित जाती-जमातीचे लोक ज्यांना आदराने मानतात अशा दिवंगत व्यक्तीचा शब्दाने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने अनादर करणे आता कलम 3(1)(व्ही) खाली गुन्हा आहे. घराच्या बाबतीत तर कायदा त्याहून जुना आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 च्या कलम 4 प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करता येत नाही. कलम 12 तर असे सांगते की, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. बौद्धांनाही 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीत गणले जाते, त्यामुळे तोही आडपडदा नाही. इतके भक्कम कलम असून घर नाकारल्याबद्दल या कलमाखाली कुणी माझ्याकडे आल्याचे मला आठवत नाही. कारण मालक जात काढतच नाही. तो म्हणतो, 'खोली भाच्याला दिली.' आणि पोराला परीक्षा द्यायची असते, केस लढवायची नसते.

पंजाबात जालंधरची गिन्नी माही आहे. कॉलेजात जात विचारली गेल्याच्या प्रसंगातून तिचे 2016 मध्ये गाजलेले गाणे उभे राहिले. संत रविदासांवर आणि बाबासाहेबांवर ती हजारोंसमोर गाते. ते व्हिडिओही या पोराच्या मोबाइलमध्ये होते. पण गिन्नीच्या पाठीशी घर आहे, समाज आहे, साऊंड सिस्टीम आहे. याच्या पाठीशी आहे ती 4 हजारांची खोली.

इथे आपल्या जयंती मंडळांना एक बोलायचे आहे. मी डीजेच्या विरोधात नाही. वर्षातून एकदा आमच्या पोरांनी रस्ता डोक्यावर घेतला तर ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात त्यांना बाकीच्या मिरवणुका दिसत नाहीत. परंतु गेल्या वर्षी आमच्या चौकात वामनदादांचे गाणे लागले होते आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही. नुसते ठोके. ज्या गाण्यात शब्द हेच हत्यार, त्यातले शब्दच काढून टाकले! एका रात्रीच्या भिंतभर स्पीकरच्या भाड्यात किती पोरांच्या खोलीचे वरचे पैसे निघाले असते, हा हिशेब मंडळाने एकदा करून पाहावा. वस्तीतल्या बुद्धविहारात रात्री 12 पर्यंत दिवा आणि पंखा चालू राहिला तरी पुष्कळ होईल.

आता त्या कराराचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. चुकला तर शिक्षेची तरतूद आहे. मी मालकाला फोन करून एवढेच सांगितले. स्वाधारचा उल्लेख केला नाही. पोराच्या जातीचा केला नाही. नोंदणीचा खर्च पोराकडून घेऊ, असे म्हटल्यावर मालक दुसऱ्या दिवशी सहीला तयार झाला. वीस-बावीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने, घरात पंचशील लावणाऱ्याने, हे असे लपवून काम केले. पोराची खोली वाचली आणि अर्ज वेळेत गेला, म्हणून मला त्याची लाज वाटू नये, असे बायको म्हणते. मला वाटते.

करार 11 महिन्यांचा झाला. प्रत घ्यायला तो परवा आला. छापील मजकुरातले एक कलम त्याने बोटाने दाखवले : शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन भाडेकरूने करू नये. विचारले, "सर, यात गाणं येतं का?"

मी सांगितले, लाऊडस्पीकरवर रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, ती 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची. बाकी वेळात खोलीपुरत्या आवाजात कुणीही कुठलेही गाणे ऐकावे, त्याला उपद्रव म्हणत नाहीत. भजनाला म्हणत नाहीत, भीमगीतालाही नाही.

"पण मी रूमवर येतोच साडेनऊला," तो म्हणाला.

"मग अर्धा तास आहे."

त्याने करार घडी करून दप्तरात ठेवला. अर्जाची पोच दाखवली. पहिला हप्ता कधी येईल ते कार्यालयात कुणी सांगत नाही म्हणाला. पुढच्या सोमवारी मी त्याच्यासोबत जाणार आहे.