पुस्तक समोर, जोडणी स्वहस्ते

इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे घरी शिकण्यास प्रयोगांचे एक चांगले पुस्तक, ९ व्होल्टची बॅटरी व थोडे सुटे भाग पुरेसे होतात. बावधनच्या विद्यार्थ्यास हे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतात. अट एकच : प्रत्येक जोडणी स्वतः करावयाची.

पहिला प्रयोग लाल एलईडीचा. तीस सुमारे २ व्होल्ट पुरतात. उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरने पेलावयाचे असतात. प्रवाह १५ मिलिअँपिअर ठेवण्यासाठी ७ ला ०.०१५ ने भागल्यास सुमारे ४६७ येतात. म्हणून ४७० ओहमचा रेझिस्टर घ्यावा. पिवळा, जांभळा व तपकिरी या पट्ट्यांवरून तो ओळखता येतो. एलईडी उजळली नाही, तर टोके उलट जोडली आहेत काय, हे प्रथम पाहावे. प्रवाह तिच्यातून एकाच दिशेने वाहतो, हा नियम अशा चुकीतूनच पक्का होतो. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर मात्र नवशिक्याने प्रयोग करू नयेत.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला, तो कामातून शिक्षण याच तत्त्वावर. शाळा सुटलेल्या मुलांनाही तेथे ज्ञानाचे दार उघडले. गावच्या ग्रंथालयाने असे पुस्तक व एक मल्टिमीटर उपलब्ध करून दिल्यास तेच दार गावोगावी उघडू शकेल.