गोणीत निवांत, हवेत स्फोटक

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात धोका नाकाने ओळखायची सवय आहे. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं, तेव्हा झोपेतल्या शेकडो लोकांना श्वास घेणं अवघड झालं आणि रुग्णालयं भरली. त्यामुळे नदीकाठचा माणूस रात्री-अपरात्री उग्र दर्प आला की आधी खिडकी लावतो. एमआयडीसीतल्या कामगाराचंही तेच. ॲसिड, टोल्युइन, अमोनिया यांच्याशी तो जपून वागतो, कारण ती नाकाला झोंबतात. मात्र रंगाच्या कारखान्यात एका कोपऱ्यात कागदी गोण्यांची थप्पी असते. आत पांढरी, बिनवासाची, पिठासारखी पावडर. तिला सगळे ‘थिकनर’ म्हणतात, आणि तिच्याशी कुणीही जपून वागत नाही.

पाण्यात बनणाऱ्या इमल्शन रंगांत आणि डिस्टेंपरमध्ये ही पावडर बहुतेकदा हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज असते, म्हणजे एचईसी. मूळ कच्चा माल झाडाचा लगदा किंवा सरकीवरचे आखूड तंतू. या पट्ट्याला सेल्युलोज नवा नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये १९५० च्या दशकापासून लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा धागा काढला जातो आहे. एचईसी त्याच कुळातली. कॉस्टिक सोड्याची पायरी तशीच, पुढे मात्र कार्बन डायसल्फाइडऐवजी इथिलीन ऑक्साइड. त्यामुळे पाण्यात न विरघळणारा सेल्युलोज पाण्यात विरघळू लागतो.

विरघळून तो करतो काय? त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. पाण्यात त्या उलगडतात, पाण्याला धरून ठेवतात आणि एकमेकींत गुंततात. वरच्या प्रतीच्या एचईसीचं फक्त १ टक्का द्रावण पाण्यापेक्षा हजारो पट दाट असतं. म्हणून १ टन रंगाला ३ ते ५ किलो पावडर पुरते. ब्रश फिरला की साखळ्या त्याच्या दिशेने सरळ होतात आणि रंग सैल पडतो. ब्रश थांबला की पुन्हा गुंता होतो आणि भिंतीवरचा रंग ओघळत नाही. डब्यातला चुनखडीचा गाळ तळाशी बसत नाही, तोही याच गुंत्यामुळे.

कारखान्यातल्या कामगाराची पहिली लढाई गुठळ्यांशी असते. पावडर एकदम ओतली, तर प्रत्येक ढेकळाचा बाहेरचा थर क्षणात फुगतो आणि आतल्या कोरड्या पावडरीपर्यंत पाणी पोचूच देत नाही. मग तासभर मिक्सर फिरवला तरी टाकीत माशाच्या डोळ्यांसारखे गोळे तरंगत राहतात. यावर रसायनशास्त्रज्ञांनी छान युक्ती काढली आहे. कणांच्या पृष्ठभागावर ग्लायोक्सालची प्रक्रिया केली की साखळ्या तात्पुरत्या एकमेकींना बांधल्या जातात. साध्या पाण्यात अशी पावडर काही मिनिटं नुसती भिजत, पसरत राहते. ती नीट पसरली की थोडा अमोनिया घालून पाण्याचा पीएच वाढवायचा. बंध सुटतात आणि सगळी टाकी एकदम दाट होते. अमोनिया आधी आणि पावडर मागून असा क्रम झाला, तर युक्ती वाया जाते आणि गुठळ्या होतात. जुन्या सुपरवायझरला पीएचचा आकडा विचारलात तर कदाचित सांगता येणार नाही, पण हा क्रम तो चुकवत नाही.

आता धोक्याकडे. एचईसी विषारी नाही, तिच्या भावंडांचा उपयोग शांपू आणि डोळ्यांच्या थेंबांतही होतो. सुरक्षितता माहितीपत्रक, ज्याला कारखान्यात अजूनही ‘एमएसडीएस’ म्हणतात, तिला बहुधा घातक रसायनांत धरत नाही. त्याच कागदावर कुठेतरी आणखी एक ओळ असते, की हवेत हिची धूळ पसरल्यास ती पेट घेऊ शकते. ही ओळ इंग्रजीत असते आणि पत्रक ऑफिसातल्या फाइलमध्ये असतं. गोणी फोडणारा माणूस शेडमध्ये असतो.

धूळ अशी का पेटते, ते काडीवरून समजतं. अंबरनाथमध्ये विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. लाकडाचा ओंडका आगपेटीने पेटत नाही, त्याचीच काडी झटकन पेटते, कारण तिच्या वजनाच्या मानाने हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी मोठा असतो. काडीचे आणखी तुकडे करत ते अर्ध्या मिलिमीटरहून बारीक झाले आणि हवेत उडाले, की जळण्याचा वेग इतका वाढतो की त्याला आग न म्हणता स्फोट म्हणावं लागतं. त्यासाठी पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात : जळणारी धूळ, प्राणवायू, ठिणगी, धूळ हवेत उधळलेली असणं आणि भोवती बंदिस्त जागा. गोणीत पडलेल्या पावडरीत शेवटच्या तिन्ही गोष्टी नसतात. म्हणूनच ती निरुपद्रवी वाटते.

हे ज्ञान नवं नाही. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतल्या तुरिनमध्ये एका बेकरीच्या गोदामात पिठाचा स्फोट झाला होता आणि त्याची शास्त्रीय नोंदही झाली. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने कायद्यानेही ३७ व्या कलमात स्फोटक धुळीचा बंदोबस्त सांगितला होता. तरी ३० जून २०२५ रोजी तेलंगणातल्या पाशमैलारममध्ये जे झालं ते झालंच. तिथल्या कारखान्यात औषधी गोळ्यांसाठी लागणारी सेल्युलोजचीच भुकटी बनत होती. स्फोटाने इमारत कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. धुळीच्या स्फोटाची शक्यता चर्चेत होती. त्याच वर्षी ११ एप्रिलला नागपूर जिल्ह्यात उमरेडजवळ ॲल्युमिनियमच्या भुकटीच्या कारखान्यात स्फोट होऊन किमान पाच कामगार दगावले. ॲल्युमिनियमची भुकटीही रंगांत जाते, चंदेरी छटेसाठी.

तरीही रंगाच्या छोट्या कारखान्याची तुलना थेट पाशमैलारमशी करणं मला बरोबर वाटत नाही. तिथे भुकटी टनांनी तयार होत होती, इथे दिवसाला एखाद-दुसरी गोणी फुटते. सेंद्रिय धुळीचा स्फोट व्हायला हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये साधारण ३० ते ६० ग्रॅम धूळ लागते. इतक्या धुळीत दोन मीटरवरचा दिवासुद्धा दिसत नाही. तेवढ्या धुळीत कुणी उभं राहून काम करत नाही. अशी हवा तयार होते ती हॉपरच्या आत, धूळ ओढणाऱ्या पाइपात, फिल्टरच्या पिशव्यांत. १ घनमीटरच्या बंद हॉपरला ५० ग्रॅम, म्हणजे ओंजळभरही नाही, इतकी पावडर पुरते.

दुसरी जागा आहे पत्र्याखालच्या तुळया, केबलचे ट्रे, ट्यूबलाइटची पाठ. तिथे महिनोन् महिने धूळ साचते आणि वर कुणी पाहत नाही. जमिनीवर आणि अशा जागांवर मिळून सरासरी १ मिलिमीटर थर साचला असं धरा. पावडरीची घनता लिटरला ५०० ग्रॅम घेतली, तर दर चौरस मीटरला अर्धा किलो होते. शेडची उंची ५ मीटर असेल आणि हा थर एका हादऱ्याने उधळला, तर हवेत घनमीटरला १०० ग्रॅम धूळ होते, म्हणजे स्फोटाला लागते त्याहून जास्त. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असंच घडलं. पहिला स्फोट एका बंदिस्त पट्ट्यावर झाला. त्याच्या धक्क्याने इमारतभर साचलेली साखर उडाली, आणि पुढचे स्फोट एकापाठोपाठ एक मजले पाडत गेले. १४ जणांचा जीव गेला.

झाडण्याचीही रीत आहे. हवेच्या पाइपने धूळ उडवणं, जे अनेक ठिकाणी संध्याकाळचा नेम असल्यासारखं चालतं, म्हणजे साचलेली धूळ स्वतःच्या हाताने हवेत पाठवणं. धुळीसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने ओढावी, तो नसेल तर मऊ झाडूने सावकाश गोळा करावी. पाणी मारणंही चूक. सांडलेल्या एचईसीवर पाणी पडलं की जमिनीवर बुळबुळीत थर तयार होतो. साखळ्यांचा जो गुण रंगाला दाट करतो, तोच इथे पाय घसरवतो. रोजच्या कामात या पावडरीमुळे सगळ्यात जास्त दुखापती अशा घसरण्यानेच होत असणार असं मला वाटतं, भडक्याने नाही. पावसाळ्यात तर ओले बूट आणि सांडलेली पावडर एकत्र येतातच.

खरी काळजी सॉल्व्हंटच्या शेडची आहे. तेलरंग, एपॉक्सी, प्रायमर यांना दाट करायला ऑर्गॅनोक्ले, म्हणजे प्रक्रिया केलेली बेंटोनाइट माती, किंवा फ्यूम्ड सिलिका वापरतात. सिलिका स्वतः जळत नाही. क्वार्ट्झच्या धुळीने होणारा सिलिकोसिसही तिच्या अस्फटिकी कणांनी होत नाही, पण नाक-घसा कोरडा पडतो, म्हणून रुमालाऐवजी मास्क हवाच. लिटरभर फ्यूम्ड सिलिकाचं वजन जेमतेम ५० ग्रॅम, त्यामुळे ओतताना ती धुरासारखी वर येते. गोम दुसरीकडे आहे. प्लास्टिकच्या पिशवीतून कोरडी पावडर सरकली की स्थिर वीज साठते. टोल्युइनच्या वाफेला पेट घ्यायला ०.२५ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, आणि माणसाच्या अंगावर साठलेल्या विजेच्या ठिणगीत १० मिलिज्यूल सहज असू शकतात. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या हवेत हे आणखी सोपं होतं. इथे पावडर पेटायची गरजच उरत नाही. तिच्या ओतण्याने ठिणगी पडते आणि टाकीतली वाफ भडकते.

म्हणून टाकीला आणि ड्रमला अर्थिंग हवं, तेही रंगाच्या पुटावर नाही, घासून मोकळ्या केलेल्या धातूवर. ओतणाऱ्याच्या पायात स्थिर वीज जमिनीत जाऊ देणारे बूट हवेत. प्लास्टिकचं अस्तर असलेली पिशवी टाकीच्या तोंडावर झटकू नये. शक्य तिथे सॉल्व्हंट भरण्याआधी पावडर टाकावी, नाहीतर टाकीत नायट्रोजन भरून प्राणवायू कमी करावा. नायट्रोजनची सोय छोट्या कारखान्याला महाग पडते, अर्थिंगची तार नाही.

पाण्याच्या रंगांत तर पावडर टाळताही येते. एचईसी आता द्रवात तरंगत ठेवलेल्या रूपात मिळते आणि ॲक्रिलिकचे द्रव थिकनरही आहेत, जे अमोनिया घातला की फुगतात. धूळ नाही, गुठळ्या नाहीत. दोघांचेही ड्रम हलवायचे म्हणजे सोबत पाणी किंवा वाहक द्रवही वाहून न्यायचा, भाडं वाढतं, आणि ॲक्रिलिकवाल्यांना पीएच बिघडलेला चालत नाही. त्यामुळे भाव जुळेपर्यंत अंबरनाथ काय, बदलापूर काय, कागदी गोण्या येतच राहतील.