बांधावरून अळी दिसत नाही, ती का?

हरभऱ्याला घाटे धरू लागले की गावोगाव एक वाक्य ऐकायला मिळते, "साहेब, आमच्यात अळी नाही." गेल्या हंगामात एका शेतकरी बंधूंनी बांधावर उभे राहून असेच सांगितले. प्लॉट हिरवागार होता, बोलणे खोटे वाटावे असे काही नव्हते. मी त्यांना ओळीत उकिडवे बसायला लावले आणि मीटरभर ओळ दोघांनी पाहिली. त्यांना एकही अळी दिसली नाही, मला एक दिसली. मग ओळीखाली पोते सरकवून झाडे हलवली, तर पोत्यावर चार पडल्या. मीटरला एक-दोन अळ्या म्हणजेच फवारणीची पातळी गाठली असे आपण धरतो. इथे तर दुप्पट निघाल्या!

यात त्यांच्या नजरेचा दोष नव्हता. नांगरटीत टिटवी उघड्यावर अंडी घालते, ती आपल्या पायाशी येईपर्यंत ढेकूळच वाटतात ना? तसेच हे आहे.

आपले डोळे वस्तू ओळखताना आधी तिची कडा पकडतात. कडा सलग सापडली की आकार जुळतो आणि मग डोके सांगते, ही काडी, हे पान, ही अळी. घाटे अळी नेमकी इथेच फसवते. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंनी लांबीला फिकट पट्टे असतात. त्यामुळे एक सलग अंग न दिसता दोन-तीन अरुंद रेघा दिसतात, आणि हरभऱ्याच्या बारीक देठापानांत त्या मिसळून जातात. त्यात रंगही एक नाही. हिरवी, पिवळसर, तपकिरी, गुलाबीसर अशा सगळ्या छटा एकाच शेतात सापडतात. हिरवीच अळी शोधणाऱ्याच्या हातून तपकिरी हमखास सुटते. हीच अळी कपाशीत बोंडे, तुरीत शेंगा आणि टोमॅटोत फळे पोखरते.

आंब्यावर तर याहून भारी नमुना आहे. बॅरन नावाच्या फुलपाखराची हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर लांब पडून राहते. तिच्या पाठीवरची पिवळट रेघ शिरेवर बरोबर बसते आणि कडेचे पिसासारखे काटे पानावर पसरून सावलीची कडही पुसून टाकतात. लिंबावरची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट अंगावर पांढरे डाग. तिला हात कोण लावणार? मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवी होते.

सावलीचे गणित १८९६ साली अॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने मांडले. ऊन वरून पडते, म्हणून गोल वस्तूची पाठ उजळ आणि पोट काळे दिसते, आणि त्यावरूनच ती गोल असल्याचे आपल्याला कळते. अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. त्यामुळे सावली मिटते आणि प्राणी सपाट दिसतो. चित्रकाराला हे सुचावे, यात नवल नाही.

पण फसवणूक कुणाच्या डोळ्यांची, हेही पाहावे लागते. रंग ओळखणाऱ्या पेशी हरणाच्या डोळ्यांत दोन प्रकारच्या, आपल्या तीन आणि बहुतेक पक्ष्यांच्या चार प्रकारच्या असतात. म्हणून आपल्याला भगवा दिसणारा वाघ चितळाला हिरव्या गवतातून वेगळा काढता येत नाही. उलट आपल्याला न दिसलेली अळी साळुंकी आणि कोतवाल टिपतात. शिवाय एक सापडली की पक्ष्याची नजर तशाच दुसरीवर बसते. हेक्टरी वीसेक पक्षीथांबे लावा असे आम्ही सांगतो ते यासाठीच. पेरताना हरभऱ्यात थोडे ज्वारीचे दाणे टाकले तर तीच ताटे थांब्याचे काम करतात, काठ्या तोडायचीही गरज नाही.

कामगंध सापळ्याला तर डोळे लागतच नाहीत. अळीचा रंग कसाही असो, नर पतंग वासावर येतो. हेक्टरी पाच सापळे लावा आणि रोज सकाळी मोजा. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग आले, की ओळीत बसायची वेळ झाली असे समजा.

ओळीत बसल्यावर मात्र अळी शोधू नका, तिच्या खुणा शोधा. कोवळ्या पानांवर खरवडल्यासारखे पांढुरके ठिपके दिसले तर अळी लहान आहे. निंबोळी अर्क किंवा विषाणूजन्य औषध याच वेळी लागू पडते. घाट्याला गोल भोक आणि खाली विष्ठेच्या गोळ्या दिसल्या तर उशीर झाला. एक अळी आपल्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे खाते. वारा नसताना झाडाला हलकी टिचकी मारा. स्थिर अळी डोळा सोडून देतो, पण हललेली सोडत नाही.

त्या शेतकऱ्यांच्या घरी अळ्या मोजायचे काम आता पाचवीतल्या मुलीकडे आहे. शाळेला जाताना ती पाच ठिकाणी पोते टाकून आकडा वहीत लिहिते. मी गेलो की आम्ही दोघे तीच ओळ मोजतो, आणि तिचा आकडा माझ्यापेक्षा एक-दोनने जास्तच भरतो.