मुसीपल्याडचा संथ तारा

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊला हैदराबादेत मुसी नदीवरच्या अफझलगंजच्या नयापुलावर उभे राहून हायकोर्टाच्या घुमटांवरून दक्षिणेकडे पाहावे. क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर व्हेला तारकासमूहातला ओमिक्रॉन तारा तेव्हा मध्यावर असतो. शहराच्या उजेडात तो शोधायला छोटी दुर्बीण लागेल. सुमारे 500 प्रकाशवर्षांवरचा हा निळसर तारा संथ स्पंदन करणाऱ्या बी-वर्गीय ताऱ्यांपैकी एक. त्याचे आवर्तन सुमारे 2.8 दिवसांचे असते आणि तेज प्रतीच्या काही शतांशांनीच बदलते. डोळ्यांना ते कधीच कळणार नाही.

बदल एवढासा असला, तरी त्याचे मूळ खोल आहे. सूर्याच्या तीन ते आठपट वस्तुमानाच्या या ताऱ्यांत, सुमारे दोन लाख अंश तापमानाच्या थरात, लोह आणि त्याच्या जवळची मूलद्रव्ये उष्णतेची वाट अडवतात. अडलेली ऊर्जा थरांना हलवते. वर ढकलला गेलेला वायू भोवतालापेक्षा जड ठरून खाली येतो, वेगात तोल ओलांडून आणखी खाली जातो, मग उत्प्लावक बल त्याला पुन्हा वर लोटते. या लाटा थेट गाभ्याच्या सीमेपर्यंत जातात. पृष्ठभागाचा एक भाग तापतो तेव्हा दुसरा निवतो.

बदलत्या ताऱ्यांचे वेध हैदराबादला नवे नाहीत. नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये स्थापलेल्या निजामिया वेधशाळेत पंधरा इंची ग्रब दुर्बिणीतून असे तारे वर्षानुवर्षे पाहिले गेले. तिथल्या एका सहायकाचे चिरंजीव, वेणू बाप्पू, यांनाही तरुणपणी याच ताऱ्यांचा नाद लागला. ‘मीरा’सारखा तारा सुमारे 332 दिवसांत मंद-तेजस्वी होतो, त्याला चिकाटीची नजर पुरते. आवर्तन एक-दोन दिवसांचे असले, की मात्र पंचाईत. रोज सकाळी निरीक्षण तुटते आणि त्या खंडांतून खोटी आवर्तने उमटतात. एका गावातून कितीही नेटाने पाहिले तरी ही अडचण सुटत नाही.

क्रिस्टॉफेल वेल्केन्स यांनी संथ स्पंदन करणाऱ्या बी-वर्गीय ताऱ्यांचा हा गट 1991 मध्ये वेगळा ओळखला. खरी उकल झाली ती केपलर या अवकाश दुर्बिणीने. 2009 ते 2013 तिने आकाशाच्या एकाच तुकड्यावर जवळजवळ अखंड नजर ठेवली. ‘केआयसी 10526294’ या ताऱ्यात तिला जवळपास समान अंतरांवरची 19 आवर्तने मिळाली. त्यांच्या बारीक फाटींवरून कळले, की हा तारा स्वतःभोवती फिरायला सुमारे 188 दिवस घेतो. आपला सूर्य महिन्याच्या आत फेरी पुरी करतो. बाहेरचे थर आतल्यांच्या उलट फिरत असावेत, असाही निष्कर्ष 2015 मध्ये मांडला गेला.