यंत्राचं बिऱ्हाड

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महाप्याकडे निघालं की दोन्ही अंगांना बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती दिसतात. औद्योगिक वसाहतीच्या या पट्ट्यात पूर्वी रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते. आज तिथे डेटा सेंटर उभी आहेत. त्यातल्याच एका इमारतीत मी काही ग्राहकांचे सर्व्हर सांभाळते. गेली दोन-अडीच वर्षं माझं मुख्य काम एकच आहे: चालू यंत्रांचं बिऱ्हाड एका हायपरवायझरवरून दुसऱ्यावर हलवणं.

रॅकमध्ये दिसतो तो एक सर्व्हर, पण त्याच्या आत पंचवीस-तीस सर्व्हर चालत असतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम म्हणतात. एकावर हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर हजेरी, तिसऱ्यावर फाइली. प्रत्येकाला वाटतं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं आपलंच आहे. हा भास टिकवणारा मधला थर म्हणजे हायपरवायझर. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 मध्ये आपल्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/370 बाजारात आणलं होतं. साध्या इंटेल प्रोसेसरवर मात्र हे जमत नाही असंच बरीच वर्षं मानलं जाई, कारण त्याच्या काही सूचना मधल्या थराला न विचारताच चालून जात. 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा सूचना धावता धावता बदलून टाकायची युक्ती काढली. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने ही सोय प्रोसेसरमध्येच दिली, आणि फेब्रुवारी 2007 मध्ये केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

तरीही कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये व्हीएमवेअरच होतं. ते उत्तम चालत होतं, त्यामुळे त्याचा विचार करायची वेळच कोणावर येत नव्हती. 22 नोव्हेंबर 2023 रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला आणि डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. आता फक्त वर्गणी, तीही प्रोसेसरच्या कोअरवर मोजून आणि एका प्रोसेसरला किमान सोळा कोअर धरून. व्हीएमवेअरच्याच व्हीस्फिअर 7 चा आधार 2 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या थराचं नावही संचालकांना ठाऊक नव्हतं, तो एकदम बैठकीच्या विषयपत्रिकेवर आला.

काही ग्राहक तिथेच राहिले, आणि मोठा पसारा असेल तर तो निर्णय चुकीचा नाही. काही नुटानिक्सवर गेले, काही मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर. जिथे कंटेनरचं काम आधीच जोरात होतं, त्यांनी रेड हॅटच्या ओपनशिफ्टवर कंटेनर आणि व्हीएम एकाच ठिकाणी आणायचं ठरवलं. मध्यम आकाराच्या बऱ्याच ग्राहकांनी प्रॉक्समॉक्स निवडलं. ते व्हिएन्नात तयार होतं, पहिली आवृत्ती 2008 ची, खाली डेबियन लिनक्स आणि केव्हीएम. मार्च 2024 मध्ये त्यात व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय हायपरवायझरवरून थेट व्हीएम ओढून आणायची सोय आली आणि आमच्या कामाला वेग आला.

हलवायच्या आधी यादी करावी लागते, आणि खरा कस तिथेच लागतो. सुटे भाग बनवणाऱ्या एका ग्राहकाच्या यादीत अशी एक व्हीएम होती की तिचा मालक कोणीच सांगेना. नावावरून बोध होईना, बसवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. प्रोसेसरचा वापर जवळजवळ शून्य. बंद करून टाकायचा मोह होतो अशा वेळी. आम्ही तिची नेटवर्कची ये-जा नोंदवत राहिलो, तेव्हा महिन्याच्या शेवटच्या रात्री तिच्यातून एक फाइल बँकेकडे जाताना दिसली. कामगारांचे पगार त्या फाइलवर होत होते. यादी म्हणजे कारकुनी काम असं जो म्हणतो त्याला मी हे आवर्जून सांगते.

आता प्रत्यक्ष हलवणं. शनिवारी रात्री ग्राहकाचं काम थांबलं की आमची चेंज विंडो सुरू होते. आधी ताजा बॅकअप, आणि तो नुसता घेऊन भागत नाही, दुसरीकडे उघडून पाहावा लागतो. मग जुने स्नॅपशॉट काढून डिस्क एकसंध करायची. व्हीएमवेअर टूल्स जुन्या घरी असतानाच काढून टाकायची, कारण नवीन जागी गेल्यावर ती सहजासहजी निघत नाहीत. मग मशीन नीट बंद करायचं आणि आयात सुरू करायची. हिशेबाने दहा गिगाबिटच्या जोडणीवरून 500 जीबी सात मिनिटांत यावेत. तसे येत नाहीत. पलीकडच्या बाजूची देण्याची मर्यादा असते, डिस्कचा वेग असतो, आणि पडद्यावरचा टक्केवारीचा आकडा मुंगीच्या पावलांनी सरकतो. मशीन चालू ठेवून मागे डेटा आणण्याचीही सोय आहे, पण आयात मध्येच तुटली तर दरम्यान लिहिलेलं सगळं जातं. डेटाबेससाठी मी ती वापरू देत नाही.

आमच्याकडे नवीन आलेला मुलगा पहिल्यांदाच हे स्वतः करत होता. हिशेबाचा विंडोज सर्व्हर आला, सुरू केला आणि निळा पडदा.

"मॅडम, डेटा खराब झाला वाटतं."

"डेटा आहे तिथेच आहे. डिस्क कोणत्या कंट्रोलरला लावलीस ते बघ."

त्याने ती थेट व्हर्टआयओला लावली होती. व्हर्टआयओ हा केव्हीएमचा जलद मार्ग. तिथे मशीन खऱ्या डिस्कची नक्कल न मागता हायपरवायझरशी सरळ बोलतं. पण त्यासाठी आतल्या विंडोजकडे व्हर्टआयओचा ड्रायव्हर हवा. तो नसेल तर सुरू होताना त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. म्हणून आधी डिस्क साध्या साटा कंट्रोलरवर लावायची. सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची. मशीन सुरू करून ड्रायव्हर बसवला की त्या रिकाम्या डिस्कमुळे विंडोज तो ओळखतं आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच उचलतं. मग मशीन बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर आणायची, बूटचा क्रम पुन्हा लावायचा, रिकामी डिस्क काढून टाकायची. मुलाने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. लॉगिनचा पडदा आला, पण सर्व्हर नेटवर्कवर काही दिसेना.

हीसुद्धा ठरलेली जागा. जुनं नेटवर्क कार्ड आता नाही, पण विंडोजच्या नोंदीत ते अजून आहे आणि आयपी पत्ता त्याच्याच नावावर आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगायची, तिथलं फिकट दिसणारं कार्ड काढायचं आणि पत्ता नव्याला द्यायचा. लिनक्समध्ये कार्डाचं नावच बदलतं. आधी ईएनएस192 असतं ते ईएनएस18 होतं, आणि जुन्या नावाने लिहिलेली नेटवर्कची फाइल निरुपयोगी ठरते.

वीस-पंचवीस वर्षं आम्ही ग्राहकांना सांगत आलो की व्हर्च्युअल मशीन म्हणजे काही फाइली, कुठेही उचलून न्याव्यात. फाइली खरंच कुठेही जातात. पण आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने ड्रायव्हर, कार्ड, बूटची पद्धत, घड्याळ, बॅकअपचा एजंट हे सगळं खालच्या थराला धरून बसवलेलं असतं. सॉफ्टवेअरने यंत्राला लोखंडापासून सोडवलं आणि सोडवताना स्वतःशी बांधून घेतलं. ही गाठ रोजच्या कामात दिसत नाही, हलवायला घेतलं की दिसते. म्हणूनच नवीन जागी गेल्यावरसुद्धा, इथूनही निघता येईल का, याची परीक्षा मी सुरुवातीलाच घेते.

एकच हायपरवायझर चालवणाऱ्या सर्व्हरांमध्ये, म्हणजे यजमानांमध्ये, मात्र चालू मशीन न थांबवता नेता येतं, आणि ते पाहणं मला अजूनही विलक्षण वाटतं. मशीन चालू असताना त्याची सगळी मेमरी पलीकडे पाठवली जाते. पाठवता पाठवता मेमरीची जी पानं बदलली ती पुन्हा पाठवायची, त्यात बदलली ती पुन्हा. उरलेली पानं अगदी थोडी झाली की मशीन क्षणभर थांबवून ती आणि प्रोसेसरची स्थिती पाठवायची, आणि पलीकडे सुरू करायचं. केंब्रिजच्या मंडळींनी 2005 च्या निबंधात चालू खेळाचा सर्व्हर असा हलवताना फक्त 60 मिलिसेकंदांचा खंड पडल्याचं नोंदवलं होतं. पण दोन यजमानांचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील तर सगळ्यांना झेपेल असा प्रोसेसरचा प्रकार आधीच ठरवून द्यावा लागतो. थोडा वेग सोडून ही मोकळीक घ्यावी असं माझं मत आहे, कारण रॅकमधले सगळे सर्व्हर एकाच दिवशी कधीच बदलले जात नाहीत.

व्हर्च्युअल डेस्कटॉपची गोष्ट वेगळी आहे. सर्व्हरच्या मागे माणूस दिसत नाही, डेस्कटॉपसमोर तो बसलेला असतो. टेबलावर छोटा थिन क्लायंट, कॉम्प्युटर इथे रॅकमध्ये. सकाळी साडेनऊला दोनशे माणसं एकदम लॉगिन करतात आणि स्टोअरेजवर जो भार येतो त्याला आम्ही बूट स्टॉर्म म्हणतो. त्यामुळे सरासरी वापर पाहून केलेली खरेदी इथे फसते. मोजायची ती सकाळची वीस मिनिटं. इथेही मालक बदलले: असे डेस्कटॉप पुरवणारं सिट्रिक्स 2022 मध्ये खासगी गुंतवणूकदारांकडे गेलं, व्हीएमवेअरचं होरायझन 2024 मध्ये ऑम्निसा या नावाने वेगळं झालं. मायक्रोसॉफ्ट 2021 पासून विंडोज 365 या नावाने क्लाउडमधला डेस्कटॉप दरमहा भाड्याने देतं. डिझाइनवाल्यांसाठी एकच जीपीयू अनेक डेस्कटॉपांत वाटता येतो, आणि त्रिमितीय आराखडे साध्या थिन क्लायंटवर सफाईने फिरतात.

बँका विचारतात ती सोय आणखी वेगळी. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलच्या टीडीएक्स तंत्रात व्हीएमची मेमरी प्रोसेसरच कुलूपबंद करतो, त्यामुळे हायपरवायझर चालवणाऱ्या माझ्यासारखीलाही आत डोकावता येत नाही. मला हे मनापासून पटतं. सर्व्हर सांभाळायचं काम विश्वासाचं असलं तरी ग्राहकाची माहिती निव्वळ माझ्या सचोटीवर अवलंबून असू नये.

त्या सुटे भागवाल्या ग्राहकाच्या दोन व्हीएम मात्र जुन्याच यजमानावर राहिल्या आहेत. एकीचं सॉफ्टवेअर फक्त ठरावीक हायपरवायझरवर चालवायला परवानगी देतं. दुसरीला यूएसबीचं डोंगल लागतं, आणि ते पुरवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. त्यांना वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवलं आहे, बाहेरचं इंटरनेट तोडलं आहे, रोज बॅकअप होतो. बाकीच्यांपैकी निवडक व्हीएम दर तीन महिन्यांनी तिसऱ्याच एका हायपरवायझरवर उघडून पाहायच्या, असं करारात लिहून घेतलं आहे. पुढची पाळी त्या पगाराच्या फाइलवाल्या व्हीएमची आहे, आणि ती उघडायचं काम त्या मुलाकडे दिलं आहे.