शब्दाचा अर्थ शेजारी ठरवतात

प्रवरेच्या पाण्यावर पोसलेल्या देवळाली प्रवरा परिसरात ‘पाट’ या शब्दासाठी कोणी कोश उघडत नाही. पाटाला पाणी सुटते, पाटावर बसून जेवण होते, विधवेचा पाट लागतो. शब्द एक, अर्थ तीन, आणि तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. शेजारचे शब्द अर्थ ठरवून टाकतात. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यावरील बागायतदाराची ‘पाळी’ पाण्याची, साखर कारखान्यातील कामगाराची कामाच्या वेळेची, तर कुळव धरणाऱ्याची मशागतीची.

हीच जाण घेऊन आलेल्या मुलाला शाळेत मात्र समानार्थी शब्दांच्या याद्या घोकाव्या लागतात. पाणी म्हणजे जल, नीर, उदक. पण उसाला उदक कोणी देत नाही. आणि हक्कावर उदक सोडले, तर हक्कच जातो! यादीला हा भेद कळत नाही, वाक्याला कळतो.

हा प्रश्न केवळ गुणांचा नव्हे. कालव्याच्या सूचनेतील ‘आवर्तन’ म्हणजे पाणी सोडण्याची फेरी, हे मागच्यापुढच्या मजकुरावरून न उमगल्यास मागणी अर्जाची मुदत टळते आणि उभे पीक वाळते. म्हणून रिकामी जागा भरून घेताना शिक्षकांनी आणखी एक प्रश्न विचारावा : हाच शब्द का? उत्तरापेक्षा त्या कारणातच भाषेचे खरे शिक्षण आहे.