रेषेपर्यंत पोहोचणारं सोनं

जळगावच्या सराफ बाजारात सोनं पिवळं असतं. तिथून फार लांब नसलेल्या एचआयव्ही चाचणी केंद्रात ते लाल असतं. सोन्याचे सुमारे ४० नॅनोमीटरचे कण द्रवात तरंगत ठेवले, की त्यांना माणकासारखा लाल रंग येतो. झटपट चाचणीच्या पट्टीवर उमटणारी रेषा म्हणजे एका जागी अडकून साठलेले हेच कण. संपादकांना खरं तर खानदेशातल्या आरोग्ययंत्रणेवर ऐसपैस लेख हवा होता. मी त्या रेषेपाशीच थांबलो.

इतिहास थोडक्यात. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, तिथल्याच मराठी कुटुंबातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देशातले पहिले एचआयव्ही संसर्ग शोधले. १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पुढे तपासणी जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांपर्यंत उतरली. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, ट्रक तिथे थांबतात. या कामात धुळ्याचं महत्त्व सांगायला एवढं पुरे.

पट्टी शोधते ती विषाणूला नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीला. खरी अडचण इथेच आहे. एक मिलिलिटर रक्तद्रवात साधारण दहा मिलिग्रॅम आयजीजी अँटिबॉडी असतात आणि त्यांतल्या बहुतेक भलत्याच कशासाठी तयार झालेल्या असतात. काही पट्ट्यांत सोन्याच्या कणांवर प्रोटीन-ए बसवतात. ते आयजीजी दिसली की धरतं, मग ती कशाचीही असो. लग्नात दारातच दिसेल त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडत सुटलं, तर नवरदेव येईपर्यंत गुलाबदाणी रिकामी होणार. तसंच सोनं इथे वाटेतच संपतं. एचआयव्हीच्या मोजक्या अँटिबॉडी रेषेवर पकडल्या जातात, पण रंगाविना.

यावर काढलेली युक्ती मला फार आवडली. अँटिबॉडीला दोन हात असतात. विषाणूचंच एक प्रथिन सोन्यावर बसवायचं आणि तेच रेषेवरही. हवी ती अँटिबॉडी एका हाताने सोनं धरते, दुसऱ्याने रेषा. नको त्या अँटिबॉडी मोकळ्या हाताने वाहून जातात. संसर्गानंतर आधी येणाऱ्या आयजीएमला तर दहा हात, त्यामुळे तीही सापडते आणि निदान काही दिवस अलीकडे येतं.

तरी पट्टीवरून वाहणारा द्रव थांबत नाही. रेषा जेमतेम एक मिलिमीटर रुंद; तो ती काही सेकंदांत ओलांडतो आणि पकडापकडी तेवढ्यातच व्हायची असते. द्रव संथ वाहू देणारा सच्छिद्र पडदा पट्टीत वापरला तर जास्त अँटिबॉडी सापडतात, पण पार्श्वभूमीही लालसर होण्याचा धोका वाढतो. सोन्यावर चांदीचा मुलामा चढवून रंग गडद करता येतो; मग धुण्याची आणि द्रावणाची एकेक पायरी वाढते. केंद्रातल्या तंत्रज्ञ ताईंना मी हे उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, बाहेर वीस जणी बसल्यात. एक थेंब, एक द्रावण. तिसरं काही नको."

फिकट रेषा त्या खिडकीच्या उजेडात धरून बघतात. दिलेल्या वेळेत दिसली तर कितीही पुसट असो, ती रेषाच. वेळ उलटल्यावर उमटली तर धरायची नाही, कारण पट्टी सुकताना रंग मागे सरकून रेषेचा भास होतो. एक आजी आत डोकावून विचारतात, "काय उनं वं ताई?" ताई घड्याळाकडे बघतात आणि उत्तर देत नाहीत.

संवेदनशीलता वाढवण्याची किंमतही असते. दहा हजार गरोदर बायका तपासल्या, त्यांत वीस बाधित आहेत असं समजू. चाचणीने वीसही पकडल्या, पण निरोगी बायकांपैकी दोन टक्क्यांना चुकून रेषा आली, तर सुमारे दोनशे जणी विनाकारण हादरणार. म्हणूनच एका पट्टीवर निदान करत नाहीत. वेगवेगळ्या घडणीच्या तीन किट एकामागोमाग वापरतात. पहिली पकडण्यासाठी, पुढच्या दोन खात्रीसाठी.

आणि मग मे महिना. बऱ्याच किटच्या खोक्यांवर दोन ते तीस अंशांची मर्यादा छापलेली असते; भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसकडे जातो. गोदामातून सातपुड्याच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्राकडे निघालेलं खोकं दुपारभर गाडीत राहिलं, तर रेषेवरचं प्रथिन आपला आकार सोडू लागतं. ठसठशीत संसर्ग तरीही दिसतो; हरवतात त्या नेमक्या पुसट रेषा, ज्यांच्यासाठी एवढी खटपट केली.

सगळ्यात वाईट म्हणजे पट्टी हे सांगत नाही. चाचणी नीट चालली हे दाखवायला पट्टीवर दुसरी एक नियंत्रणरेषा असते, पण बहुतेक पट्ट्यांत तिच्यावर वेगळंच प्रथिन असतं. द्रव वाहिला आणि सोनं शाबूत आहे, एवढीच तिची ग्वाही. चाचणीची रेषा उन्हाने मेली असली तरी नियंत्रणरेषा आपली लालबुंद उमटते. उपाय एकच: ज्यात थोड्याच अँटिबॉडी असल्याची खात्री आहे, असा नमुना अधूनमधून लावून बघायचा. ताईंचं मत विचारलं, तर त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. तो नमुनाही थंडच ठेवावा लागतो आणि गाव तालुक्यापासून जितकं लांब, तितकी त्याची बर्फाची पेटी सांभाळणं अवघड.